स्वस्त मोहिमेतला महाग भाग

मंगळयानाने सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाची कक्षा गाठली, तेव्हापासून आपल्याकडे अवकाशमोहिमेची थोरवी तिच्या खर्चाच्या आकड्यावरून ठरवण्याचा परिपाठच पडून गेला आहे. साडेचारशे कोटी रुपये हा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी झाला, रिक्षाच्या भाड्याशी आणि हॉलिवूडच्या चित्रपटाशी त्याची तुलना झाली. परंतु त्या रकमेत काय बसवले, काय वगळले आणि कोठे हात आखडला नाही, याची चौकशी करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. सहा महिन्यांसाठी योजलेले ते यान २०२२ पर्यंत कार्यरत राहिले, तेव्हा अभिमान रास्तच होता. फक्त तो ज्या गोष्टीचा वाहिला गेला ती गोष्ट चुकीची होती.

स्वस्त मोहीम म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने अमेरिकेच्या पाथफाइंडर या मंगळमोहिमेचे दफ्तर उघडावे. त्याआधी मंगळावर गेलेल्या व्हायकिंगच्या यानांवर १९७० च्या दशकातले सुमारे १०० कोटी डॉलर खर्ची पडले होते, आणि १९९३ मध्ये मार्स ऑब्झर्व्हर हे ८० कोटींचे यान मंगळाच्या वेशीपाशी पोचून कायमचे मुके झाले होते. अशा वेळी, नासाचे तत्कालीन प्रमुख डॅनियल गोल्डिन यांनी मोहिमा जलद, सरस आणि स्वस्त व्हाव्यात असा जो धोशा लावला होता, त्याचे पहिले मोठे फळ म्हणजे ४ जुलै १९९७ रोजी आरेस व्हॅलिस या प्राचीन पूरमैदानावर उतरलेले हे यान. प्रक्षेपणासह सारा खर्च २७ कोटी डॉलरांच्या आसपास. त्यातले अवघे अडीच कोटी सोजर्नर नावाच्या बग्गीचे.

साडेदहा किलो वजनाची, सहा चाकांची ही बग्गी मिनिटाला जेमतेम सव्वा हात पुढे सरके. तिचा मेंदू म्हणजे ८०८५ जातीचा प्रोसेसर, ज्यावर आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रयोगशाळेत हात बसवला! मुख्य यानाशी बोलण्यासाठी बसवलेला बिनतारी मोडेम बाजारातलाच होता, आणि मंगळावरच्या थंडीची सवय नसल्याने तो अधूनमधून रुसेही. पृथ्वीवरून धाडलेला संदेश पोचायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. म्हणून पॅसाडिनाच्या जेपीएल प्रयोगशाळेतला चालक त्रिमितीय चष्मा लावून आदल्या दिवसाची छायाचित्रे न्याहाळी, वाट आखी, आणि पुढचे खाचखळगे पाच लेसररेषांच्या साह्याने बग्गीनेच हेरावेत अशी तजवीज होती. सात दिवसांसाठी योजलेली ही बग्गी मंगळावरचे ८३ दिवस राबली, आणि एवढ्या अवधीत तिने सुमारे शंभर मीटरांचीच मजल मारली.

येथवरची काटकसर डोळ्यांत भरते. खर्च कोठे केला, ते पाहायला मात्र ओहायोतल्या प्लम ब्रुक येथील प्रचंड निर्वात कक्षात जावे लागेल. यान हवा भरलेल्या पिशव्यांच्या वेष्टनात उसळ्या घेत उतरवायचे ठरले, तेव्हा त्या पिशव्या तिथे खडक रोवलेल्या उतरत्या फळीवर आदळून पाहिल्या गेल्या. त्या फाटल्या, वेक्ट्रान नावाच्या चिवट कापडाचे थर वाढवले, पुन्हा आदळल्या, पुन्हा फाटल्या, पुन्हा थर वाढवले. वजन वाढत होते, पैसा जात होता, तरी अंदाजपत्रकाच्या धाकाने हा उद्योग कोणी आवरता घेतला नाही. प्रत्यक्ष मंगळावर यानाने पंधराहून अधिक उसळ्या घेतल्या आणि एकही पिशवी दगा देऊन गेली नाही.

पुढे एका पाथफाइंडरच्या खर्चाच्या आसपासच दोन याने धाडण्याचा बेत झाला, आणि १९९९ मध्ये दोन्ही हातची गेली. मार्स क्लायमेट ऑर्बिटरची कथा सर्वश्रुत आहे: एका पक्षाने आकडे पौंडांत दिले, दुसऱ्याने ते न्यूटनांत धरले. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मार्ग ढळतो आहे ही शंका काही दिशादर्शकांना आधीच आली होती. परंतु तिची रीतसर रुजुवात कोणी घातली नाही. मार्स पोलर लँडरचे दुखणे त्याहून बोलके. पाय उघडताना बसलेल्या हिसक्यालाच भूस्पर्श समजून संगणकाने इंजिने हवेतच बंद केली असावीत, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. आणि हा दोष ज्या चाचणीत उघडा पडायचा, तीत तारा चुकीच्या जोडलेल्या निघाल्या होत्या. तारा दुरुस्त झाल्या. चाचणी मात्र पुन्हा घेतली गेली नाही. मोहिमेला किमान तीस टक्के निधी कमी पडला होता, असे टॉम यंग यांच्या चौकशी समितीने पुढल्या वर्षी स्पष्ट लिहून ठेवले.

आपणही हा धडा स्वतःच्या पदरच्या किमतीने गिरवला आहे. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक यान चंद्रावर कोसळले. त्यानंतर चांद्रयान-३ चे पाय मजबूत केले गेले, इंधन वाढवले गेले, आणि काय काय बिघडू शकेल याची यादी करून त्या यादीबरहुकूम चाचण्या घेतल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रज्ञान बग्गी चंद्रभूमीवर चालली ती या पुनरावृत्तीमुळे. ती स्वस्त होती म्हणून नव्हे. तेव्हा भारताच्या पुढल्या मंगळमोहिमेचे अंदाजपत्रक लोकांसमोर येईल, त्या दिवशी वाचकांनी आणि त्यांच्या खासदारांनी एकूण रक्कम किती, हे विचारण्याआधी चाचण्यांसाठी किती राखून ठेवले आहे आणि ते मध्येच कोणी कापणार नाही ना, एवढे अवश्य विचारावे.