रोषणाई आपल्या घराची, रस्ता सगळ्यांचा

सण घरात साजरा करावा की घराबाहेर, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. दिवाळीत दारावर आकाशकंदील लावला, उंबऱ्यापुढे रांगोळी काढली, नाताळात गॅलरीत तारा टांगला, की आपला सण आपोआपच रस्त्यावर येतो. येणाऱ्याजाणाऱ्याने तो पाहावा ही इच्छा त्यामागे असतेच. नाहीतर कंदील माजघरात लावला असता! पण असा रस्त्यावर आलेला सण किती आपला आणि किती इतरांचा? या साध्या प्रश्नाने अमेरिकेतील एका कुटुंबाला पार न्यायालयात नेऊन उभे केले. ती हकीकत आपल्यालाही विचार करायला लावणारी आहे.

आर्कान्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक. तेथे जेनिंग्ज ऑस्बोर्न नावाचे एक सधन व्यावसायिक राहत असत. १९८६ च्या नाताळात त्यांच्या लहानग्या मुलीने घराला दिवे लावायचा हट्ट धरला. बापाने तो पुरवला आणि पहिल्या वर्षी हजारभर दिवे लागले. मुलगी खूश झाली. येथेच गोष्ट संपली असती तर या लेखाचे कारण उरले नसते. पण दर वर्षी दिवे वाढत गेले. घर पुरेना, अंगण पुरेना, तेव्हा शेजारच्या जागा विकत घेऊन तेथेही दिवे चढले. १९९३ पर्यंत हा आकडा सुमारे तीस लाखांवर गेला! मुलीने ओंजळभर मागितले आणि बापाने विहीरच उपसली.

साहजिकच बघ्यांची रीघ लागली. दुरून दुरून माणसे मोटारी घेऊन येत. ऑस्बोर्न हे वृत्तीने उदार गृहस्थ; लोकांना खाऊपिऊ घालण्याची त्यांना मनापासून हौस होती. आलेल्या पाहुण्यांचा त्यांना आनंदच वाटत असणार. पण त्या मोटारींच्या रांगेत शेजाऱ्यांची घरे अडकून पडली. स्वतःच्या घरातून बाहेर पडणे मुश्कील, बाहेर गेलेल्याला परत येणे मुश्कील. अखेर सहा शेजाऱ्यांनी १९९३ मध्ये न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. घर माझे, पैसा माझा आणि श्रद्धाही माझी, अशी ऑस्बोर्न यांची बाजू होती. १९९४ मध्ये आर्कान्सॉच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. मग त्यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, पण तेथेही दाद लागली नाही.

हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडून सहज निघेल, 'काय कुसके शेजारी! वर्षाचा सण, चार दिवस सोसले असते तर काय बिघडले असते?' मला मात्र हे मत पटत नाही. आनंदाचा त्रास हा त्रासच असतो. किंबहुना तो अधिक अवघड, कारण त्याविरुद्ध बोलणारा माणूस चटकन अरसिक ठरतो. कारखान्याच्या धुराविरुद्ध तक्रार केली तर चार माणसे पाठीशी उभी राहतात. सणाच्या गर्दीविरुद्ध केली तर तीच चार माणसे पाठ फिरवतात. समजा, एखाद्या घरात रात्री कुणाला दुखणे उद्भवले, तर दारापुढची मोटारींची रांग ही सणाची आहे म्हणून काही लवकर सरकणार नाही.

पुढची गंमत तर आणखी बोलकी आहे. १९९५ मध्ये फ्लॉरिडातील 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' या प्रचंड करमणूक-नगरीने ऑस्बोर्न कुटुंबाची ही रोषणाई आपल्याकडे नेली. तेथे ती दर वर्षी लागत राहिली. ऑस्बोर्न २०११ साली वारले आणि जानेवारी २०१६ मध्ये ती रोषणाईही कायमची विझली, कारण त्या जागेवर नवे खेळ उभे करायचे होते. म्हणजे पाहा, एका मुलीच्या हट्टापासून सुरू झालेली हौस शेवटी तिकीट काढून पाहण्याचा देखावा झाली. माझ्या मते ती तेथे शोभलीही. तेथे येणारा माणूस गर्दी पाहायलाच येतो आणि तेथे कुणी शेजारी राहत नाही. जी रोषणाई शेजाऱ्याशिवायच शोभते, ती घराची रोषणाई म्हणायची का?

या साऱ्याला एक कारण विजेचेही आहे. नाताळच्या झाडाला विजेचे दिवे प्रथम लावले ते एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी, १८८२ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमधील आपल्या घरात. लाल, पांढरे आणि निळे असे ते ऐंशी दिवे होते. त्याआधी झाडावर मेणबत्त्या लावीत. मेणबत्ती काय किंवा आपली पणती काय, तिला राखण लागते. तेल घालायला, वात सारायला, पडदा पेटत नाही ना हे पाहायला कुणीतरी जवळ बसावे लागते. जितकी माणसे, तितकेच दिवे, हा हिशेब तिच्यातच होता. विजेच्या दिव्याला माणूस लागत नाही, फक्त पैसा लागतो. आणि आताच्या एलईडी दिव्यांना वीजही थोडीच लागते, म्हणून पैशाचा लगामही सैल झाला आहे. मग आवर घालायचा तो मनानेच.

तो घालता येतो याचे उदाहरणही अमेरिकेतच सापडते. कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे एका रस्त्याच्या दुतर्फा शंभराहून अधिक देवदार आहेत. होय, आपल्या हिमालयातले देवदार! १८८५ च्या सुमारास लावलेल्या या झाडांवर १९२० पासून नाताळात दिवे लावतात. हे काम गावचे स्वयंसेवक करतात. गर्दी तेथेही होते. पण दिवे कुणा एकाच्या घराचे नसतात, रस्त्याचे असतात, आणि तो रस्ता ज्यांचा आहे त्यांचेच हात त्यामागे असतात. जानेवारी २०२५ मध्ये तेथे भीषण वणवा पेटला आणि हजारो घरे भस्मसात झाली, पण हे देवदार बहुतेक वाचले. घर गेलेल्या माणसाला त्या झाडांकडे पाहून काय वाटले असेल याची कल्पना करावी. तीस लाख दिव्यांतला एखादा गेला तर त्याची आठवण कुणाला राहणार?

आपल्याकडे वसईत आणि गोव्यात नाताळचा तारा घराघरांवर लागतो. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचा घरी केलेला तारा आणि आपला आकाशकंदील ही तर सख्खी भावंडे! कामट्या कुणी तासायच्या, खळ कुणी करायची, शेपटी कुणी चिकटवायची यात अख्खे घर गुंतते. असा तारा शेजाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही, मनात जातो. पण दिवाळीत, गणपतीत आणि आता नाताळातही आपली नजर हळूहळू आकड्याकडे वळू लागली आहे. समोरच्याने दोन माळा लावल्या तर आपण चार! ही चढाओढ कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

लिटल रॉकचे शेजारी निदान न्यायालयात गेले. आपल्याकडचा शेजारी जात नाही. 'सणाचे दिवस आहेत, कशाला वाईटपणा घ्या' असे म्हणून तो खिडकी लावून घेतो. गल्लीत त्याचे घर एकटेच निराळ्या जातीचे वा धर्माचे असेल, तर तो आणखीच गप्प बसतो. आणि त्याचे गप्प बसणे म्हणजे त्याची संमती, असे आपण खुशाल धरून चालतो. मला यातला खरा धोका हाच वाटतो.

उपाय फारसा अवघड नाही. माळ लावण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे, दिवे किती वाजता मालवायचे ते ठरवावे आणि वाट मोकळी ठेवावी. वसतिगृहात असो, गल्लीत असो, एवढे तर आपण विद्यार्थी सहज करू शकतो. विचारायला गेलो तर कदाचित तो शेजारी स्वतःच शिडी धरायला येईल. आणि नकोच म्हणाला, तर आपली एक माळ कमी झाल्याने दिवाळीही अडत नाही आणि नाताळही अडत नाही.