पंप खत देईल, मात्रा आपणच ठरवायची

वाडीला खत किती आणि पाणी किती, हे निर्मळच्या परिसरात कोणाला शिकवावे लागत नाही. केळी, पानवेल, भाजी आणि फुले यांच्यावर इथल्या पिढ्या जगल्या. आता याच वसईच्या हरित पट्ट्यात इमारती वाढत आहेत आणि वाडीची हौस काही घरांत दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत भागवली जाते. जिवंत पाणवनस्पतींची ही टाकी नुसत्या मासे पाळण्यापेक्षा वेगळी. इथे मुख्य पीक वनस्पतींचे, मासे त्यांच्या सोबतीला. अडचण एवढीच की, तिला थोडे थोडे खत रोज लागते आणि घरातली माणसे मात्र सकाळी लोकल गाठायला बाहेर पडलेली असतात. म्हणून ठरलेल्या वेळी मोजके द्रवखत टाकीत सोडणारा छोटा स्वयंचलित पंप घ्यायचा विचार अनेकजण करतात.

पंप उपयोगी आहे, यात वाद नाही. नेमस्त हाताने रोज थोडे खत देणे हे आठवड्यातून एकदा अंदाजाने ओतण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण हा पंप बहुतेक वेळा सर्वांत आधी विकत घेतला जातो आणि तो सर्वांत शेवटी लावायला हवा, असे माझे मत आहे. पंप मात्रा देतो. ती बरोबर आहे की चूक, हे त्याला कळत नाही. चुकीची मात्राही तो तितक्याच इमानाने रोज देत राहतो.

मात्रा ठरवायची कशी? एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी लोकप्रिय केलेला नियम इथे उपयोगी पडतो. झाडाची वाढ ठरते ती सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नघटकावर. बाकीचे घटक कितीही ओतले तरी ती उणीव भरून निघत नाही. मासे असलेल्या टाकीत नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून येते. कमी पडतात ते बहुधा पालाश आणि लोह. पाने हे सांगतात. जुन्या पानांना बारीक भोके पडत असतील तर पालाशकडे पाहावे. जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राकडे. नवी, कोवळी पाने फिकट येत असतील तर लोहाकडे, कारण जुन्या पानातले लोह वनस्पतीला नव्या पानाकडे सहज नेता येत नाही. महिनाभर हाताने खत देऊन पाने वाचायला शिकावे. पंप त्यानंतर.

आता थोडा हिशोब. ठिबकवर शेती करणाऱ्यांना 13-0-45 हे विद्राव्य खत ठाऊक असते. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचे 1 ग्रॅम 100 लिटर पाण्यात विरघळले की लिटरमागे साधारण 6 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 4 मिलिग्रॅम पालाश वाढते. आठवड्याला लिटरमागे 15 मिलिग्रॅम नायट्रेट द्यायचे ठरवले तर अडीच ग्रॅम पुरते. ते 70 मिलिलिटर पाण्यात विरघळून रोज 10 मिलिलिटर सोडले की झाले. टाकीवर 100 लिटर लिहिलेले असले तरी माती आणि दगड वजा जाता पाणी कमी असते, हे धरूनच सुरुवात निम्म्या मात्रेने करावी.

शेतीच्या दुकानातले 19-19-19 मात्र टाकीत घालू नये. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. वाडीत ते चालते, कारण माती मध्ये असते. टाकीत मासे त्याच पाण्यात श्वास घेतात आणि अमोनिया त्यांना विषारी आहे. पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितका तो अधिक घातक. लोहासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबेही असते. त्याची मात्रा थोडी जरी वाढली तरी शोभेच्या कोळंबीला बाधते.

पंपाची रचना साधी आहे. फिरणारे रोलर लवचीक नळी दाबत जातात आणि द्रव पुढे सरकतो. डायलिसिसच्या यंत्रात रक्त पुढे ढकलणारा पंपही याच तत्त्वावर चालतो. नळी कालांतराने सैल पडते आणि पंपाच्या आकड्यात 10 मिलिलिटर असले तरी प्रत्यक्षात तेवढे पडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा पंप एक मिनिट चालवून आलेले द्रव औषधाच्या सिरिंजने मोजावे. स्फुरद आणि लोह एका बाटलीत घालू नये, कारण दोन्ही एकत्र आले की साका तळाशी बसतो आणि वनस्पतींना काहीच मिळत नाही. दोन बाटल्या, दोन पंप आणि दोन वेगळ्या वेळा ठेवाव्यात. नळीचे टोक पाण्यात बुडवू नये, पाण्याच्या वर राहू द्यावे. नाहीतर पंप बंद असतानाही टाकीचे पाणी बाटलीत किंवा बाटलीतले खत टाकीत ओढले जाऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंप बिघडणार, हे धरूनच बाटली भरावी. पावसाळ्यात वीज जाते-येते. साधे टायमर मागे पडतात. कधी स्विच अडकून पंप बंदच होत नाही. वरच्या हिशोबाने बाटलीत महिन्याचे, म्हणजे 10 ग्रॅम खत असेल आणि ते सगळे एकदम पडले, तर नायट्रेट लिटरला 60 मिलिग्रॅमच्या वर जाते. अर्धे पाणी लगेच बदलले तर मोठे मासे बहुधा तग धरतील. बाटलीत तीन महिन्यांचे खत असेल तर आकडा 180च्या पुढे जातो. मोठी बाटली सोयीची वाटते, पण दोन आठवड्यांपुरतीच भरलेली बाटली हाच सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय आहे. या निमित्ताने दर पंधरवड्याला टाकीकडे नीट पाहणेही होते.

भरपूर खत देण्याची एक पद्धत शौकिनांत प्रचलित आहे. वनस्पतींना काहीच कमी पडू नये म्हणून खत थोडे जास्तच द्यायचे आणि दर आठवड्याला अर्धे पाणी बदलून उरलेले काढून टाकायचे. पद्धत चालते, पण तिचा आधार खत नसून पाणी बदलणे आहे. पंप लावल्यावर लोक नेमके तेच टाळू लागतात. दिवेही गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहतात. सुरुवातीला सहा ते आठ तास प्रकाश पुरतो. मग शेवाळ चढते आणि दोष खताला दिला जातो.

टाकीतून काढलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न मला टाकीपेक्षाही मोठा वाटतो. टाकीत चूक झाली तर अर्धे पाणी बदलता येते. निर्मळच्या तलावाचे किंवा गावातल्या बावखलाचे अर्धे पाणी दर रविवारी कोण बदलणार? कॅनडातील ओंटारियो प्रांतात शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी 1973मध्ये एका तलावाचे मधोमध पडदा घालून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र घातले, एका भागात त्याबरोबर स्फुरदही. तेवढाच भाग शेवाळाने हिरवागार झाला. साठलेल्या गोड्या पाण्याला किती थोडे जास्तीचे पोषण पुरते, हे त्या तलावाने दाखवले. अशा दाट शेवाळातले काही सूक्ष्मजीव यकृताला घातक विषेही तयार करतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. विशेषतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जास्त नायट्रेटने घटते.

एका घरातल्या टाकीने तलाव बिघडत नाही, हे खरे. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत यांचा वाटा कितीतरी मोठा असतो. पण टाकीचे पाणी ओतताना एक बादली आणि एक फांदी यांत फरक आहे. बादलीतले खत विरळ होते. फांदी मात्र वाढते. तळी झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिच्या फुलांच्या मोहापायी ती जगभर नेली गेली. टाक्यांतला सकर मासा आज उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यात येतो. म्हणून छाटलेल्या वनस्पती गटारात किंवा बावखलात न टाकता उन्हात कडकडीत वाळवून मग खतात घालाव्यात. नको झालेले मासे दुकानात परत द्यावेत. बदललेले पाणी कुंड्यांना किंवा अंगणातल्या केळीला घालावे. पंपाने मोजून दिलेले खत तिथे वाया जात नाही.

बावखले ही वसईची पावसाचे पाणी साठवण्याची आणि जमिनीत मुरवण्याची जुनी व्यवस्था आहे. त्यांच्या पाण्यावर वाड्या शिंपल्या गेल्या. त्यातली अनेक बुजली, उरलेली कचरा आणि सांडपाण्याने गुदमरत आहेत. काचेच्या टाकीत मिलिग्रॅमचा हिशोब करणाऱ्या माणसाला हे नुकसान इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. साठलेल्या पाण्यात काय किती पडले की काय होते, हे तो रोज डोळ्यांनी पाहतो. पंप लावून वाचलेल्या वेळातला थोडा वेळ त्याने आपल्या गल्लीच्या टोकाचे बावखल पाहण्यासाठी दिला, तर ते पंपाच्या किमतीपेक्षा मोलाचे ठरेल.