धबधबा घरी आणताना



पावसाळी सहल निघाली की डबे, छत्र्या, मुलांचे जादा कपडे हे सगळं आपल्याच वाट्याला येतं. हल्ली त्यात फोटो काढण्याची भर पडली आहे. म्हणून आज त्याविषयी थोडं, माझ्या फजितीसकट.

२०२३च्या श्रावणात आम्ही साताऱ्याजवळच्या ठोसेघरला गेलो होतो. सासूबाई बरोबर होत्या. पण गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरणं त्यांना जमेना. “तुम्ही जाऊन या. मला फोटोत दाखवा,” म्हणून त्या गाडीतच बसल्या. मी साठेक फोटो काढले. ते पाहून त्या म्हणाल्या, “हाच का ग तो? आपल्या मोरीतल्या नळाएवढा तर दिसतोय!”

मला वाईट वाटलं, पण चूक माझीच होती. फोटोत नुसतं पाणी आणि खडक असले, तर उंचीचा अंदाज यायचा कशावरून? शेजारी झाड, गुरं, माणूस असं ओळखीचं काही हवं. माणूस कठड्याच्या आत उभा करावा, आपण बरंच मागे सरावं आणि मग झूम करावं. जवळून काढला तर माणूस मोठा आणि धबधबा लहान दिसतो. मागे सरून झूम केलं की धबधबा त्याच्यामागे चांगला उंच उभा राहतो.

दुसरी चूक उजेडाची. गर्द झाडीमुळे कॅमेरा फसतो आणि पाणी चुन्यासारखं पांढरं फटक येतं. मोबाइलवर पाण्याच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. ढगाळ दिवस असेल तर हिरमुसू नका. या कामाला तोच चांगला. ऊन पडलंच, तर सूर्याकडे पाठ करून उभ्या राहा. तुषारांत इंद्रधनुष्य दिसलं तर ते तिथेच दिसेल.

पाणी रेशमासारखं मऊ दिसायला हवं असेल, तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं राहू द्यावं. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. तिपाई नसेल तर कठड्यावर टॉवेलची घडी ठेवून कॅमेरा टेकवावा, पट्टा मनगटात अडकवावा आणि टायमर लावावा. भिंगावरचे तुषार टिपायला जुन्या मलमलीचा धुतलेला तुकडा पर्समध्ये असू द्या. घरी आल्यावर दमट कॅमेरा तसाच कपाटात ठेवू नका, भिंगाला बुरशी धरते. कोरडा करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

आणि एक कळकळीचं सांगणं. फोटो घेताना आपलं लक्ष पडद्यात असतं. तेव्हा लहान मुलाचा हात कुणाच्या हातात आहे, हे आधी बघा. शेवाळलेल्या खडकावर, कठड्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. चांगला फोटो मागे सरूनच येतो!

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या खेपेस लाल छत्री घेऊन कठड्याशी मी उभी राहिले आणि लेकीने वरच्या पायऱ्यांवरून फोटो काढला. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिला.

“ही लाल टिकलीएवढी छत्री कुणाची ग?”

“माझीच.”

“अग बाई! म्हणजे केवढा हा धबधबा!”

तो फोटो आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.