फलकाला भिंत लागते



पुण्याच्या पेठांतून फिरताना मान वर केली की निळे फलक दिसतात. इथे अमुक पंडित राहात होते, इथे तमुक संपादक. त्या नावांवर आमचा राग नाही. सवाल एवढाच की ज्यांच्या बापजाद्यांना पेठेत भिंतच उभी करू दिली नाही, त्यांचा फलक ठोकायचा कुठे?

मुक्ता साळवे घ्या. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'त छापून आला. तिचं घर कुठलं? कुडाची खोपटं वारशाच्या यादीत चढत नसतात. राहतं घर असेल तर फलक, हा नियम दिसायला निर्मळ. आतून तो जातीचाच नियम आहे. मी गोदीत काम करतो. तिथं प्रत्येक कंटेनरवर मालकाचं नाव असतं, हमालाचं कुठंच नसतं.

आणि भिंत होती तिथं तरी काय केलं? भिडेवाडा. १८४८ साली जोतीबा-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. दगडूशेठच्या गणपतीसमोर, रोज हजारो माणसं जातात. वाडा खंगत राहिला, कोर्टात वर्षं गेली, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. तिथं स्मारक करायचं ठरलं. म्हंजे भिंत गेल्यावर आठवण आली.

लंडनमध्ये थोरांच्या घरांवर फलक लावायची योजना १८६६ ची. बाबासाहेब १९२१-२२ साली राहिले त्या किंग हेन्रीज रोडच्या घरावरही फलक आहे. पण तिथल्या काळ्या माणसांनी सरकारची वाट बघितली नाही. न्यूबियन जॅक ट्रस्टनं २००६ पासून स्वतःच आपल्या माणसांचे फलक लावायला घेतले. हे शिकण्यासारखं आहे.

काळ्यांचं आणि पुण्याचं काय नातं, असं सदाशिवपेठी नाक वर करून कुणी विचारील. नातं जुनं आहे. जोतीबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. त्या भल्या लोकांत आपण आणखी नावं घालू: गुलामीतून पळून आलेला आणि वाणीनं अमेरिका हलवणारा फ्रेडरिक डग्लस, पुन्हा पुन्हा मागं जाऊन माणसं सोडवून आणणारी हॅरिएट टबमन, आणि यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढलेले सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई. बेड्या काही नुसत्या दयेनं तुटल्या नाहीत.

त्याच्याही आधी मलिक अंबर. बाजारात विकला गेलेला हबशी पोरगा. त्यानं निजामशाहीचा कारभार पेलला, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, त्याला नहरीचं पाणी आणलं. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. पुण्याची जहागीर भोसल्यांची. मग लाल महालात अंबरच्या नावाचा एक फलक का नको?

पर्वतीच्या पायथ्यालाही एक पाहिजे. १९२९ साली शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज अस्पृश्यांना घेऊन देवळाच्या दारासाठी सत्याग्रहाला उभे राहिले, धोंडे खाल्ले. धोंडे कुणी मारले तेही फलकावर लिहा.

पत्र्याचा तुकडा आणि निळा ऑइलपेंट, फार खर्च नाही. रंगारी आपल्यातच आहेत. पहिला फलक मुक्ताचा करू. गंजपेठेत किंवा आसपास आपली भिंत द्यायला कोण घरमालक तयार आहे, तेवढं कळवा.