साखरपुड्याची अंगठी कोठे विकावी?

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आल्यावर कपडे, भांडी, कागदपत्रे यांची वाटणी होऊन जाते. साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी मात्र पुष्कळदा लॉकरमध्ये तशीच पडून राहते. ती बोटात घालवत नाही, धाकट्या बहिणीला द्यावीशी वाटत नाही, आणि ‘विकू या’ हा शब्द घरात प्रथम कोणी उच्चारावा हेही ठरत नाही. अखेर एखाद्या दिवशी आई म्हणते, “काकांच्या पेढीवर देऊन टाक, घरचेच दुकान आहे.” सांगली-कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत जैन समाजात सराफी आणि हिऱ्याचा व्यापार करणारी घरे इतकी आहेत की, असा एखादा काका किंवा मामा बहुतेक गोतावळ्यात निघतोच.

अडचण नेमकी तेथेच आहे. आपल्या माणसाशी भाव करता येत नाही. सांगितलेली रक्कम कमी वाटली तरी “दुसरीकडे विचारून येते” असे पुतणी काकांना म्हणू शकत नाही. काकांचीही कुचंबणा होते. खरा भाव सांगावा तर मुलगी दुखावते, वाढवून द्यावा तर पेढीला तोशीस. शिवाय सकाळी पेढीवर गेलेल्या अंगठीची बातमी संध्याकाळपर्यंत चार घरांत पोहोचते आणि पुढच्या लग्नकार्यात कोणीतरी सहानुभूतीने तिचा आकडा विचारते. जिने दोन-तीन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तिच्यावर हा भार कशासाठी? नात्यातील सराफाची मदत अवश्य घ्यावी, पण पारखी म्हणून. वजन, सोन्याचा कस, हिऱ्याची प्रत त्यांच्याकडून समजून घ्यावी आणि सौदा तिऱ्हाइताशी करावा.

त्याआधी अंगठी कोणाची, हा प्रश्न निकालात काढलेला बरा. साखरपुड्यात वधूला भेट म्हणून दिलेला दागिना हे तिचे स्त्रीधन होय, आणि स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केले. हिंदू विवाह कायदा, 1955 जैनांनाही लागू आहे. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2025 मध्ये याविषयी वेगळी भूमिका घेतली होती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द ठरवली. मात्र दावा चालू असेपर्यंत वकिलाला विचारल्याशिवाय अंगठी विकू नये, आणि परस्परसंमतीच्या अटींमध्ये दागिने परत करण्याचे कलम असेल तर ते पाळावेच लागते. सासरच्या आजीची, पिढीजात अंगठी असेल तर कायदा काहीही म्हणो, ती दोन माणसांसमक्ष परत करून पोच घेणे अधिक शोभते.

एक गोष्ट बहुतेकींच्या ध्यानात उशिरा येते. अंगठीचे बिल आणि हिऱ्याचे प्रमाणपत्र बहुधा मुलाच्या वडिलांच्या कपाटात असते. विक्रीच्या वेळी हे दोन कागद नसले की भाव पडतो. म्हणून संमतीच्या अटी लिहिल्या जात असतानाच ‘बिल व प्रमाणपत्र सुपूर्द करावे’ अशी एक ओळ घालून घ्यावी. नंतर तो कागद मागण्यासाठी फोन करणे कोणालाच नको असते. प्रमाणपत्र हरवले तरी जीआयएसारख्या संस्थेचा क्रमांक काही हिऱ्यांच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो; तो भिंगाखाली वाचून संस्थेच्या नोंदीशी ताडता येतो.

आता किमतीविषयी. अंगठीतील सोने आणि हिरा यांचे बाजार निराळे आहेत, आणि दोन्हीकडे ‘कॅरेट’ हाच शब्द असल्याने गोंधळ वाढतो. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. 18 कॅरेटच्या अंगठीत खडे वगळून 4 ग्रॅम धातू असेल तर त्यात शुद्ध सोने 3 ग्रॅम. त्याचा भाव रोज जाहीर होतो आणि फसगतीला जागा थोडी असते. अर्ध्या कॅरेटचा हिरा म्हणजे 100 मिलिग्रॅम, आणि सारा वाद या एवढ्याशा खड्याचा. त्याला सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव नाही. व्यापारी 1978 पासून निघणाऱ्या रॅपापोर्ट यादीचा आधार घेतात, पण प्रत्यक्ष सौदे बहुधा तिच्या खालीच होतात. दुकानात मोजलेल्या रकमेत दुकानदाराचा नफा, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी असतो. यांतले काहीही विकताना परत येत नाही. मधल्या हिऱ्याभोवती जडवलेल्या बारीक खड्यांना तर सराफ अनेकदा हिशेबातच धरत नाही. ‘हिरा सदैव टिकतो’ अशा आशयाची जाहिरात डी बीअर्ससाठी 1947 साली लिहिली गेली. तो विकायला गेल्यावर काय घडते, हे 1982 साली अमेरिकन पत्रकार एडवर्ड जे एपस्टीन यांनी ‘अटलांटिक’ मासिकात सविस्तर मांडले. दुकानदार स्वतः विकलेला हिराही परत घ्यायला नाखूश असतात, असे त्यांना आढळले. तेव्हा मिळणारी रक्कम बिलाच्या मानाने बरीच कमी दिसली म्हणून मुलीने आपण फसलो असे समजू नये, आणि बापानेही कपाळावर हात मारू नये.

मग जावे कोठे? बिल हाती असेल तर पहिली पायरी त्याच दुकानाची. अनेक मोठी दुकाने आपलाच दागिना परत घेण्याची हमी बिलावर छापतात. मात्र बदली दागिना घेतल्यास एक दर आणि रोख मागितल्यास त्याहून कमी दर, असा प्रकार सर्रास असतो. पैशांची निकड असलेल्या मुलीने बदलीच्या मोहात पडून आणखी एक दागिना लॉकरमध्ये नेऊन ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच सराफाकडे, मग तो कोल्हापूरच्या गुजरीतला असो की पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा, बहुधा सोन्याचाच भाव मिळतो आणि हिरा काढून हातावर ठेवला जातो. हिरा अर्ध्या कॅरेटहून बराच मोठा आणि प्रमाणित असेल तर मुंबईची एक फेरी सार्थकी लागते. झवेरी बाजार आणि ऑपेरा हाऊसच्या परिसरात सुटे हिरे घेणारे व्यापारी आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स ही व्यापाऱ्यांची आपापसातली पेठ आहे. तेथे ओळखीच्या दलालाशिवाय एकट्या ग्राहकाचे काम होत नाही, आणि येथे मात्र मामांची ओळख खरोखर उपयोगी पडते. लहान हिऱ्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. त्याला पहिलेच दुकान बरे.

खरेदीच्या वेळी हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला, हे विचारलेच नसेल तर आधी तपासून घ्यावे. दुकानातील साध्या उष्णतावाहक यंत्राला हा भेद कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचाच दाखला लागतो. डी बीअर्सने 2018 साली स्वतःच असे हिरे कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले, आणि त्यानंतर या हिऱ्यांचे भाव घसरतच गेले. अशी अंगठी असेल तर सोन्याचा भाव घेऊन मोकळे व्हावे.

निदान तीन ठिकाणी विचारावे, आणि सोन्याची व हिऱ्याची रक्कम वेगवेगळी सांगायला लावावी. एकच ठोक आकडा ऐकून कोणत्या बाजूला कात्री लागली ते कळत नाही. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर अॅपवर पाहता येतो. अंगठी ‘उद्या या’ म्हणून दुकानात ठेवू नये. हिरा काढायचा तर डोळ्यांसमोर काढावा आणि त्याचे वजन मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावे. सोबत आई-बाबांपेक्षा एखादी शांत स्वभावाची मैत्रीण किंवा वहिनी असावी, कारण दुकानात अंगठी पाहून आईचेच डोळे भरून आले तर सौदा लवकर उरकण्याची घाई मुलीलाच होते. 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. तशीही रक्कम बँकेतूनच, आणि तिच्या एकटीच्या खात्यात घ्यावी. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, दोन्हींचे दर आणि विकणारीचे नाव असावे. ती पावती हुकूमनाम्याच्या प्रतीला टाचून त्याच फायलीत ठेवावी.