जट देवीची नव्हे, घामाची

सोलापूरचा उन्हाळा कडक, पण कोरडा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, घाम येतो आणि येतो तसा वाळूनही जातो. केस राठ होतात, टाळू तापते, पण केस फुगत नाहीत. तीच सोलापूरची बाई रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघते आणि सकाळी कल्याणच्या आसपास आरशात बघते, तर चापून घातलेल्या वेणीचा काथ्या झालेला! मग मुंबईची भाची कुठलंसं सीरम पुढे करते, मावशी खोबरेलाची बाटली पुढे करते आणि दोघींचं जुंपतं. घरोघरी होणारा हा गमतीचा वाद. एका रात्रीच्या प्रवासाचा गुंता एका न्हाण्यात सुटतो, त्यामुळे तो गमतीत नेता येतो.

पण आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी एक असा प्रवास येऊन संपतो, की ज्यातला गुंता काही बायकांच्या डोक्यावर जन्मभर बसतो. मी वारीबद्दल बोलतेय. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस पायी, ऐन ज्येष्ठ-आषाढात. वर ऊन, मधूनच पावसाची सर, हवा दमट. डोक्यावर पदर, पदरावर तुळशीवृंदावन नाहीतर बोचकं, आणि खाली घामाने भिजलेला अंबाडा. माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोचते. तोवर कित्येक बायकांनी केस धड मोकळेसुद्धा केलेले नसतात. मोकळे करणार कुठे? आंघोळ म्हणजे टँकरच्या किंवा नदीच्या पाण्यावर, अंधारात, लुगडं अंगावर ठेवूनच. केस वाळवायला ना जागा ना वेळ. ओले केस तसेच गुंडाळायचे आणि चालू लागायचं.

आता जरा शास्त्र. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा. दमट हवेतलं पाणी तो शोषून घेतो आणि फुगतो. केसाच्या आतले काही नाजूक बंध पाण्याने सुटतात आणि भलत्या जागी पुन्हा जुळतात, म्हणून केस आपला आकार सोडतो. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, ते ओलाव्याने उचलले जातात. असे दोन केस एकमेकांवर घासले की अडकतात. त्यात घामाचं मीठ आणि रस्त्याची धूळ. त्यात बोअरचं जड पाणी आणि अंगाचा साबण. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. वर डोक्यावरच्या ओझ्याचं घासणं. ओली लोकर चोळून चोळून नमदा करतात, तीच क्रिया इथे माणसाच्या डोक्यावर होते. कुरळ्या, लांब आणि रुक्ष केसांवर ती लवकर होते.

आणि हा नमदा झाला की आपण त्याला काय म्हणतो? जट म्हणतो. "देवी आली" म्हणतो. हळद-कुंकू लावतो.

वारी केलेल्या प्रत्येकीला जट येते असं मी म्हणत नाहीये. बहुतेक जणी घरी येऊन रविवारी शिकेकाईने न्हातात आणि विषय संपतो. वारीशिवायही जट येते. आजारपणात, बाळंतपणात, दुःखात, म्हणजे जेव्हा जेव्हा बाईच्या केसांकडे बघायला कोणी नसतं तेव्हा. पण केसांचा गोळा होणं आणि जट होणं यांच्यामध्ये एक दिवस असतो. त्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणतं, "थांब, हात लावू नको. यल्लम्माचं असेल." बस्स. त्या दिवसानंतर तेल बंद, फणी बंद, न्हाणं बंद. गुंता घामाने होतो, पण जट या वाक्याने होते. माझं भांडण या वाक्याशी आहे.

सोलापूरकरांना हे नवीन नाही. एका बाजूला पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर, दुसऱ्या बाजूला कर्नाटकची सीमा आणि पलीकडे सौंदत्तीची यल्लम्मा. आपल्या सगळ्यांच्याच गोतावळ्यात जट असलेली एखादी आत्या, काकू नाहीतर शेजारीण असते. लग्नात तिला मान देतात, ओटी भरतात आणि रात्री तिच्या शेजारी अंथरूण घालायला कोणी तयार नसतं, कारण वास येतो. ती वर्षानुवर्षं एका कुशीवर झोपते. मान दुखते, कारण भिजलेली जट जड असते. आत उवा, खाज, कधी जखमा. कोवळ्या पोरींच्या बाबतीत तर "देवीला सोडा" इथपर्यंत गोष्ट जायची. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली झाला. त्या दारातून किती मुली केवळ डोक्यावरच्या गुंत्यामुळे आत ढकलल्या गेल्या असतील, याचा विचार करून बघा.

"आपण कशाला बोलायचं? श्रद्धेचा प्रश्न आहे." हे मला शिकलेल्या घरांतूनच जास्त ऐकू येतं. ठीक आहे, श्रद्धेचंच बोलू.

ज्या विठोबासाठी ही बाई अडीचशे किलोमीटर चालली, त्याचंच उदाहरण घ्या. जनाबाईच्या नावावर एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात जनी तुळशीच्या बनात केस सोडून बसलेली आहे आणि प्रत्यक्ष देव तिच्या डोक्याला लोणी चोळून तिला न्हाऊ घालतोय, कारण तिचं करणारं दुसरं कोणी नाही. महाराष्ट्राने हे चित्र शेकडो वर्षं डोक्यावर घेतलं. कीर्तनात ऐकताना डोळे पुसले. अहो, त्या चित्रात देव नेमकं काय करतोय ते बघा ना! एकट्या, दमलेल्या, राबणाऱ्या बाईच्या डोक्याला तो हात लावतोय. "हात लावू नको" म्हणणारे आपण आहोत, देव नव्हे. आणि तुकोबांनी अंगाला राख फासून साधुत्व मिरवणाऱ्यांची जी खरडपट्टी काढलीय, ती त्यांच्याच पालखीमागून चालणाऱ्यांना मी काय सांगावी?

दुसरं उदाहरण आपल्या गावातलंच. सोलापुरात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं कितीतरी. त्यांच्यातली माणसं तिरुपतीला जातात, केस देऊन येतात, घरी आल्यावर चकोट डोक्याचं सगळे कौतुक करतात. देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हणजे एकाच गल्लीत एका घरात केस कापून देव प्रसन्न होतो आणि चार घरं सोडून दुसऱ्या घरात केस कापले तर देवी कोपते. देव-देवींनी हे आपसात ठरवून घेतलं असेल, असं मला तरी वाटत नाही :)

तिसरं उदाहरण लांबचं आहे. हे खूळ फक्त आपल्याकडेच आहे, असं समजून मान खाली घालू नका. पोलंड आणि आसपासच्या मुलखात केसांच्या अशा गोळ्याला वैद्यांनी लॅटिन नावच दिलं होतं, प्लिका पोलोनिका. तिथेही लोक तो कापायला घाबरत. कापला तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, आतला रोग उलटेल अशी समजूत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डीटल यांनी हे गोळे म्हणजे अस्वच्छता आहे, रोग नव्हे, असं ठासून मांडलं आणि त्याविरुद्ध मोहीम घेतली. हळूहळू ती प्रथा गेली. तिथे देवी नव्हती, फक्त भीती होती. भीती तीच आणि गुंताही तोच.

आपल्याकडे हे काम करणारी माणसं आजही आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या ब्युटिशियन. त्यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या जटा काढल्या आहेत. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही. त्याआधी त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना समजावण्यात जो वेळ जातो तो खरा. टाळूच्या बाहेर आलेल्या केसात रक्त नसतं, शिरा नसतात. तो कापल्याने कुणी मरत नाही. एवढं साधं सांगायला त्यांना घरी पुन्हापुन्हा जावं लागतं आणि आपण त्याच घरी हळदीकुंकवाला जाऊन गप्प बसून परत येतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही थोडं भांडते. जटवाल्या बाईला "अडाणी" म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझा एकच प्रश्न आहे: वारीत पुरुषांच्या डोक्याची सोय कोण करतं? वाटेवरची गावं करतात. नाभिक मंडळी वारकऱ्यांची फुकट दाढी-कटिंग करून देतात, कोणी चपला शिवून देतं, कोणी पाय तेलाने चोळून देतं. फार सुंदर सेवा आहे ती, मनापासून नमस्कार. पण बायकांच्या डोक्याला तेल लावून, गुंता सोडवून, वेणी घालून देणारी सेवा मला तरी कुठे ठळकपणे दिसत नाही. निम्मी दिंडी बायकांची असते ना? गेल्या काही वर्षांत फिरती शौचालयं आली, तीही आधी कोणाला सुचली नव्हती. मग मुक्कामाच्या गावी कापडाचा एक आडोसा, चार बादल्या पाणी, शिकेकाई, खोबरेल, मोठ्या दातांचे कंगवे आणि गावातल्या आठ-दहा लेकी-सुना, एवढं जमणार नाही? ब्युटी पार्लर आता तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. जनीला देवाने जे केलं तेच करायचं आहे. याहून मोठी पंढरीची सेवा कोणती ते मला सांगा.

आणि ज्या जाणार आहेत त्यांच्यासाठी (आणि मुंबई-कोकणात चाललेल्या भाच्यांसाठीही) चार व्यवहाराच्या गोष्टी. निघताना एकच वेणी घालण्यापेक्षा दोन घट्ट वेण्या घाला. केस जितके कमी हलतील तितके कमी घासतील. खोबरेल थोडंच लावा, पण न्हाण्याआधी लावा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं असं दिसलं होतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हेही सांगून टाकते. पण आजीचं मतही तेच होतं आणि तिची कंपनी नव्हती.) तेल थापून चालायला लागलात तर मात्र धूळ चिकटेल. न्हाताना सगळे केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळू नका. लांब केसांचा घट्ट गोळा अशा एका न्हाण्यातही होऊ शकतो. अंगाचा साबण डोक्याला नको. जड पाण्यात शिकेकाई-रिठ्याचा साका होत नाही. पंचाने टिपा, झटकू नका. आणि ओला अंबाडा बांधू नका, अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. विंचरायला टोकापासून सुरुवात करा, मग वर या.

गोळा झालाच तर? घाबरायचं काही नाही. नवा असेल तर भरपूर तेल लावून बोटांनी, एक-एक बट करून सुटतो. दोन जणी बसल्या तर एका दुपारचं काम. जुना असेल तर कात्री. केस पुन्हा येतात.

शेवटी एक आठवण करून देते. केशवपन आठवतं ना? विधवेचे केस ठेवायचे नाहीत, हेही एकेकाळी धर्मच होतं. 1890 च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांनी सत्यशोधकांच्या पुढाकाराने विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, तेव्हा त्यांनाही "धर्मात ढवळाढवळ करू नका" असं ऐकवणारे होतेच. एका बाईचे केस जबरदस्तीने काढायचे आणि दुसरीचे जबरदस्तीने ठेवायचे. दोन्हीकडे तिला कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा आत्या, काकू, माम्यांनो, या आषाढीला वारीहून कोणी दमून घरी आलं, तर पायावर पाणी घालाच, पण मग तिला पाटावर बसवा आणि तिचे केस सोडा. गुंता सापडला तर कुंकवाचा करंडा बाजूला ठेवून आधी तेलाची वाटी आणा. घरातलं मोठं माणूस "थांब" म्हणालं तर त्यांना जनाबाईचा अभंग म्हणून दाखवायला सांगा. पाठ असेल त्यांना.