बैठकीला यायचं, पण कशाने?



येती राज्यव्यापी बैठक नागपूरला घ्यायचं ठरलं आणि एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर आपल्या कार्यकारिणीत दीड तास चर्चा झाली. बैठकीला येणाऱ्यांनी रेल्वेने यायचं की विमानाने? एकीचं म्हणणं, चळवळीचा पैसा विमानावर घालवायचा नाही. दुसरी म्हणाली, रात्रभर गाडीत काढायची, दिवसभर चर्चा करायची आणि रात्री पुन्हा गाडी पकडायची, हे आता पन्नाशीनंतर झेपत नाही. कोल्हापूरकडच्या शेतमजूर बायकांमध्ये काम करणारी आपली कार्यकर्ती बराच वेळ गप्प होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "दोन दिवसांच्या बैठकीला माझे पाच दिवस जातात. ते कुठंच धरलेले नसतात."

मला वाटतं, चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी होती. आपण तिकिटाचे पैसे मोजत होतो. बाईचा वेळ मोजायचा राहून गेला होता.

मुंबईहून नागपूर सुमारे ८४० किलोमीटर. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर. विमानाला सुमारे दीड तास लागतो. विमानतळावर आधी पोचणं, तिथून शहरात येणं हे सगळं धरलं तरी अर्ध्या दिवसात काम होतं. कोल्हापूरहून निघालेली बाई मात्र महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करत नागपूरला पोचते, तेव्हा चोवीस तासांहून जास्त वेळ गेलेला असतो. पुण्याहून विमान धरायचं म्हटलं तर आधी चार-पाच तास एस.टी. आणि गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मैत्रिणींसाठी तर रेल्वे की विमान हा प्रश्नच नसतो. त्यांचा प्रवास एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरतो.

हे तास कुणाच्या पदरचे जातात? रोजावर जाणारीची मजुरी बुडते. घरात लहान मूल असेल तर आईला, सासूला, शेजारणीला सांगून ठेवावं लागतं. निघण्याआधी पाणी भरून, दोन वेळचं करून ठेवावं लागतं आणि परत आल्यावर साचलेलं काम उपसावं लागतं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्ही प्रकल्पाचं अंदाजपत्रक मांडायला शिकलो. त्यात 'प्रवास खर्च' हे सदर असायचं, पण प्रवासात गेलेल्या दिवसांचं सदर नसायचं. घरकामाला श्रम म्हणा, त्याचं मोल करा, असं आपण जगाला सांगतो. मग आपल्याच कामासाठी गाडीत काढलेला दिवस आपल्या हिशेबात सुट्टीचा कसा ठरतो?

दुसरा मुद्दा पायरीचा. मी काम केलेल्या काही प्रकल्पांत नियम ठरलेला होता : साधन व्यक्तीला विमान, शिबिरार्थींना स्लीपर. म्हणजे जिच्यापाशी पदवी, तिची पाठ दुखते आणि जी वीस वर्षं वस्तीत पायपीट करते, तिची दुखत नाही! असा नियम कुणी दुष्टपणाने करत नाही. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यातून तो येतो आणि आपण तो मुकाट्याने उतरवून घेतो. पण समतेची भाषा बोलणाऱ्या संघटनेत प्रवासाचं साधन पदावरून ठरत असेल, तर आपल्यात आणि सरकारी खात्यात फरक काय राहिला?

याचा अर्थ सगळ्यांनी विमानाने यावं असा नाही. रेल्वेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. १९८८ चं पाटणा, १९९० चं कालिकत, १९९४ चं तिरुपती या राष्ट्रीय परिषदांना ज्येष्ठ मैत्रिणी रेल्वेने गेल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींत परिषदेइतकाच गाडीचा डबा असतो. डब्यात ठराव लिहिले गेले, गाणी रचली गेली. घराबाहेर पहिल्यांदाच रात्र काढणाऱ्या कितीतरी जणी तिथे मोकळेपणाने बोलल्या. विमानात पट्टा बांधून ओळीत बसलं की असं होत नाही. शिवाय एका प्रवाशामागे विमान रेल्वेच्या कित्येक पट कार्बन हवेत सोडतं. दुष्काळ आणि अवकाळी पावसाचा पहिला मार पाणी भरणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बाईवर बसतो, हे आपण आपल्याच गावांत पाहतो आहोत.

पण रेल्वे म्हणजे गरिबांची आणि म्हणून आपली, एवढं म्हणून भागणार नाही. त्या गाडीत बाईचं काय होतं, हेही बोललं पाहिजे. संडासाला जावं लागू नये म्हणून बायका दिवसदिवस पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत चोवीस तासांचा प्रवास काय असतो, हे वेगळं सांगायला नको. जनरल डब्यात तान्हं मूल घेऊन दाराशी बसलेली बाई आपण प्रत्येकीने पाहिली आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या मैत्रिणीला डब्याच्या उंच पायऱ्या आणि अरुंद दार म्हणजे भिंतच.

कायदा नाही असंही नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी एक कप्पा किंवा ठरावीक जागा राखून ठेवणं रेल्वेवर बंधनकारक आहे. कलम १६२ प्रमाणे अशा राखीव जागेत घुसणारा पुरुष दंडाला पात्र आहे. कलम १३९ सांगतं की पुरुष सोबत नसलेल्या बाईला, तिच्याकडे तिकीट नसलं तरी, रात्री-अपरात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये स्लीपर वर्गात एकट्या किंवा बायकांच्या गटाने जाणाऱ्यांसाठी सहा बर्थचा कोटा असतो. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या स्त्रियांना जागा असेल तर खालचा बर्थ द्यायची तरतूद आहे. यातलं किती आपल्या गावोगावच्या गटांना माहीत आहे?

आणि जे होतं तेही गेलं. मार्च २०२० पर्यंत अठ्ठावन्न वर्षांवरच्या स्त्रीला रेल्वेत अर्ध्या तिकिटाची सवलत होती. करोनाच्या साथीत ती बंद केली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत मात्र परत आली नाही. उलट आपल्या राज्यात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट झालं. अर्ध्या तिकिटामुळे माहेरी, दवाखान्यात, तालुक्याच्या कचेरीत आणि आपल्या बैठकींना येणं बायकांना कसं सोपं झालं, हे तुम्ही आपापल्या भागात पाहिलं असेल. एस.टी.ला जे जमलं ते रेल्वेला का जमू नये, हा प्रश्न आपण जोरात विचारलेला नाही.

मला खरी भीती इथेच वाटते. ज्यांना लिहिता येतं, निवेदन द्यायला जमतं, ज्यांचं म्हणणं वर्तमानपत्र छापतं, त्या एकेक करून रेल्वेतून उतरून विमानात बसू लागल्या तर स्लीपरच्या संडासाबद्दल, जनरल डब्याबद्दल, बंद पडलेल्या सवलतीबद्दल बोलणार कोण? सरकारी दवाखाना आणि झेडपीची शाळा यांचं हेच झालं. बोलणारे लोक बाहेर पडले आणि न बोलणाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

विमानात बाई सुरक्षित असते, हाही भ्रम नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात बिझनेस क्लासमधल्या वृद्ध स्त्रीच्या अंगावर एका दारू प्यायलेल्या प्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली. ती जगासमोर यायला जानेवारी उजाडला. मग विमान कंपनीला तीस लाख रुपये दंड झाला. महाग तिकिटाने पुरुषाची वृत्ती बदलत नाही.

तेव्हा बैठकीपुढे मी काही गोष्टी ठेवू इच्छिते.

एक, प्रवासाचं साधन पदावर ठरू नये. एका रात्रीत पोचता येत असेल तर अध्यक्षांपासून नव्या कार्यकर्तीपर्यंत सगळ्यांनी रेल्वेनेच यावं. त्याहून जास्त वेळ लागत असेल, आजारपण, गरोदरपण, अपंगत्व असेल किंवा घरी तान्हं मूल असेल, तर विमानाचा खर्च संघटनेने करावा. तो मागताना कुणाला ओशाळवाणं वाटू नये.

दोन, प्रवासाचे दिवस कामाचे दिवस धरावेत. रोजावर जाणाऱ्या मैत्रिणीची बुडालेली मजुरी आणि मूल सांभाळणारीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या सदरात दाखवावा. निधी देणारे नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडावं.

तीन, तारखा तीन महिने आधी ठरवाव्यात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. आपण ऐनवेळी पत्रं काढतो, मग गाडीत जागा नसते आणि विमानाचं तिकीट दुप्पट झालेलं असतं. त्यात पहिली गळते ती लांबच्या गावातली बाई.

चार, बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या प्रवासाची नोंद करावी : स्त्रियांची राखीव जागा होती का, संडास वापरण्याजोगा होता का, त्रास झाला तेव्हा १३९ या मदत क्रमांकावरून कुणी आलं का. या नोंदी एकत्र करून, सवलत परत सुरू करण्याच्या मागणीसह, मध्य रेल्वेला आणि रेल्वे मंत्रालयाला निवेदन देऊ.

या सूचना सगळ्यांना पटतील असं नाही. विमानाचा एकही रुपया नको असं मानणाऱ्या मैत्रिणींचा युक्तिवाद मला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. पण काटकसरीचा भार नेहमी एकाच बाजूच्या बायकांनी उचलावा, हे मला मान्य नाही. आपल्या गटात या विषयावर चर्चा घ्या, विशेषतः ज्या आजवर लांब अंतरामुळे बैठकीला येऊ शकल्या नाहीत, त्यांना बोलतं करा. त्यांची पत्रं पुढच्या अंकात आधी छापू.